जिंकलेला डावही तपासा

प्रश्न : नोकरीनिमित्त मी लंडनला असतो. रात्री ऑनलाइन पोकर खेळतो. खेळ संपला की हरलेले डाव डोक्यात घोळत राहतात. आपले निर्णय नीट कसे तपासावेत?

उत्तर : फक्त हरलेले डाव तपासू नका, मोठी चूक पुष्कळदा जिंकलेल्या डावात लपलेली असते. समजा, टेबलावर चार पाने उघडी आहेत, पॉटमध्ये ६० पौंड आहेत आणि समोरच्याने आणखी ३० लावले. तुमची दोन आणि टेबलावरची दोन मिळून चार बदाम झाले आहेत, पाचवा हवा. तुम्ही ३० भरले की पॉट १२० चा होतो, म्हणजे जिंकण्याची शक्यता किमान २५ टक्के हवी. न दिसलेल्या ४६ पानांत बदाम ९ च. शक्यता २० टक्क्यांहूनही कमी. बदाम लागल्यावर पुढे आणखी पैसे मिळण्याची आशा नसेल, तर हा कॉल चुकलाच, मग शेवटी बदाम येऊन तुम्ही जिंकलात तरी! उलट, हातात दोन एक्के असताना दोन राजांविरुद्ध सुरुवातीलाच सगळे लावून हरलात, तर खंत करू नका. पाचांत साधारण एकदा तसे होणारच.

शंका आलेल्या डावावर खेळतानाच खूण करा, तेव्हाचा विचार ओळभर लिहा. तपासणी दुसऱ्या दिवशी, निकाल झाकून करा. रागाच्या भरात घेतलेले निर्णय वेगळे काढा. तिथे गणित नव्हे, उठायची वेळ चुकलेली असते. आणि झोप उडेल एवढी रक्कम लावत असाल, तर आधी ती कमी करा.