पहिला पॅनिक अटॅक : लपवू नका, समजून घ्या

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. तरीही आरोग्याच्या पानावर लिहायला बसलो आहे. जे माझ्या बाबतीत घडले, ते मंडळातल्या आणखी कोणाच्या बाबतीत घडले असेल आणि तोही माझ्यासारखाच गप्प बसला असेल, असे वाटते.

गेल्या जुलैतली गोष्ट. बायको आणि मुलगी सुट्टीसाठी सांगलीला गेल्या होत्या. गुरुवारी रात्री वेस्ट बेमधल्या ऑफिसातून घरी निघालो. कॉर्निशवर सिग्नलला गाडी थांबली आणि एकाएकी छाती धडधडू लागली. दरदरून घाम फुटला, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या. माझे वडील पन्नाशीतच हृदयविकाराने गेले. त्यामुळे दुसरे काही सुचलेच नाही. गाडी कशीबशी कडेला घेऊन ९९९ ला फोन केला. इस्पितळात ईसीजी काढला, काही तासांच्या अंतराने दोनदा रक्त तपासले. पहाटे डॉक्टर म्हणाले, "हृदय चांगले आहे. हा पॅनिक अटॅक होता."

हायसे वाटायला हवे होते. मला लाज वाटली. फोनवर बायकोला काहीच सांगितले नाही. आधी कॉर्निशचा रस्ता टाळला, मग हायवे, मग गाडीच. सप्टेंबरात एका रात्री मुलीला फणफणून ताप आला आणि मला गाडीची किल्ली उचलवेना. टॅक्सीने दवाखान्यात जाताना बायकोने विचारले, "अहो, नक्की काय झालंय तुम्हाला?" तेव्हा सगळे सांगितले. खरा उपचार त्या रात्री सुरू झाला.

हे होते कसे?

संकट दिसले की शरीर ॲड्रेनॅलिन सोडते. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी हृदय आणि श्वास यांची गती वाढते. पॅनिक अटॅकमध्ये हीच घंटा संकट नसताना वाजते. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे चक्कर येते, मुंग्या येतात. माणसाला वाटते, आता मरण आले. त्या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. हे दुष्टचक्र ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली नेमके मांडले. अटॅक बहुधा १० मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. त्रास भयंकर असतो, पण त्याने जीव जात नाही. पुढचे नुकसान होते ते "पुन्हा आला तर?" या धसक्याने.

काय करावे?

१. पहिल्या वेळी तपासणी कराच. हृदयविकाराची लक्षणे अशीच असू शकतात. "टेन्शन असेल" असे घरी बसून ठरवू नका. ९९९ ला फोन करा. थायरॉइड आणि रक्तक्षय यांचीही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. पुढेही त्रास नेहमीपेक्षा वेगळा वाटला तर पुन्हा डॉक्टर गाठा.

२. निदान पक्के झाल्यावर अटॅक आला तर पळू नका. गाडी चालवत असाल तर सुरक्षित जागी थांबवा. नाकाने ४ आकडे मोजत श्वास घ्या, ६ आकडे मोजत सावकाश सोडा. "हा अटॅक आहे, ओसरेल," असे स्वतःला सांगा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. त्याने प्राणवायू कमी पडू शकतो.

३. टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने परत जा. मी आधी बंद गाडीत बसलो, मग गल्लीत चालवली, मग बायकोला शेजारी बसवून कॉर्निशवर गेलो.

४. चहा-कॉफी आवरा. मी दिवसाला सहा करक पीत होतो आणि पाच तास झोपत होतो, दोन्ही बदलले.

५. अटॅक वारंवार येत असतील तर तज्ज्ञांकडे जा. विचार आणि वर्तन बदलणारी सीबीटी ही उपचारपद्धती यावर चांगली लागू पडते. गरज पडल्यास डॉक्टर औषधेही देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून मधेच सोडू नयेत.

एक महत्त्वाची सूचना : भारतातून झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून बॅगेत टाकून आणू नका. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या औषधांवर कतारमध्ये कडक निर्बंध आहेत. असे औषध चालू असेल तर निघण्यापूर्वीच इथले नियम पाहा.

कतारमध्ये हमद मेडिकल कॉर्पोरेशनची मानसिक आरोग्य हेल्पलाइन २०२० साली १६००० या क्रमांकावर सुरू झाली. भारतात असाल तर २०२२ पासून चालू असलेली सरकारी टेलि-मानस सेवा १४४१६ वर मिळते; तिथे मराठीत बोलता येते.

फेब्रुवारीत त्याच सिग्नलपाशी मला पुन्हा अटॅक आला. गाडी कडेला घेतली, मोजून श्वास घेतले. थोड्या वेळाने धडधड थांबली. वाटेत दूध घेऊन घरी आलो आणि दारातच बायकोला सांगितले, "आज आला होता, गेला." सात महिन्यांपूर्वी हे एक वाक्य मला बोलता आले नव्हते. आपल्यापैकी कोणी हे मनात दाबून बसले असेल, तर आजच घरातल्या एका माणसाशी बोलावे, एवढीच विनंती.