वाटाण्याचे चलच्चित्र

दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले ते बडोद्याच्या कलाभवनात. १९१२ साली त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हाती घेण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचा छोटा चित्रपट काढला. रोप जरा वाढले की एक चित्र!

हा धडा तुम्हांलाही गिरवता येईल. आधी गणित करा. दहा दिवसांचे तास २४०. दर अर्ध्या तासाला एक, म्हणजे चित्रे ४८०. सेकंदाला १६ या वेगाने ती पडद्यावर ३० सेकंद चालतील. २४ च्या वेगाने अवघी २०.

खरी कसोटी पुढेच आहे. कॅमेरा किंचित सरकला, तरी पडद्यावर रोप उडी मारते. उजेड कमीजास्त झाला की चित्र लुकलुकते. म्हणून खोलीत बाहेरचा उजेड येऊ न देता एकच दिवा सतत ठेवावा, तोही रोपाच्या डोक्यावर. बाजूला ठेवलात तर रोप त्याच्याकडे वाकेल. (तेही पाहण्याजोगेच, पण तो प्रयोग निराळा.) पाणी घालताना कुंडीला धक्का लागू देऊ नका. मोबाइल ठरावीक वेळाने आपोआप चित्र घेईल. नाहीतर रात्रीच्या पाळ्या वर्गात आधीच वाटून घ्याव्या लागतील!