स्मृतिऱ्हास आणि पेशीगत ऊर्जा : अल्झायमर व्याधीचा एक विचार

"आजोबांचा विसरभोळेपणा वाढला आहे, ब्राह्मीचे काही तरी द्या," ही मागणी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु विस्मृती हे लक्षण आहे, निदान नव्हे. अल्झायमर व्याधीत पेशींच्या ऊर्जानिर्मितीत होणारा बिघाड आणि त्यातून चिकित्सकाने घ्यावयाचा बोध यांचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

ऊर्जेचा ऱ्हास

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते; परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो. ही ऊर्जा मुख्यतः तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, निर्माण करतात. अल्झायमरच्या रुग्णांत त्यांतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराची क्रिया मंदावलेली आढळते. ऊर्जा घटते, मुक्त मूलके वाढतात आणि जीर्ण तंतुकणिकांचा निचराही नीट होत नाही. याचा फटका चेतापेशींमधील संधींना लवकर बसतो. मेंदूचा ग्लुकोजचा वापर लक्षणे स्पष्ट होण्यापूर्वीच घटलेला पेट तपासणीत दिसू शकतो.

उतारवयातील अल्झायमरचा आरंभच तंतुकणिकांच्या बिघाडातून होतो, असा सिद्धान्त स्वेर्डलो व खान यांनी २००४ मध्ये मांडला. उलटपक्षी अमायलॉइड व टाऊ ही प्रथिनेही तंतुकणिकांना इजा करतात. त्यामुळे कारण कोणते व कार्य कोणते, हा वाद मिटलेला नाही.

साम्य आणि त्याची मर्यादा

'तंतुकणिका म्हणजेच धात्वग्नी' असे समीकरण अनेकदा मांडले जाते. अग्निमांद्य, धातुक्षय व वार्धक्यातील वातवृद्धी या क्रमाशी वरील वर्णन जुळते, हे खरे. तथापि साम्य म्हणजे पुरावा नव्हे. तंतुकणिकांना उपकारक मानलेले लॅट्रेपिर्डीन हे औषध २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आशादायक ठरले. २०१० मध्ये मोठ्या चाचणीत निष्फळ झाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ई व क जीवनसत्त्वे आणि अल्फा लिपोइक आम्ल एकत्र घेणाऱ्या रुग्णांची बौद्धिक घसरण उलट अधिक वेगाने झाली. आपल्या वनस्पतींनाही हाच निकष लावला पाहिजे.

व्यवहारातील दक्षता

१) प्रथम सुधारता येण्याजोगी कारणे शोधावीत : बी-१२ ची कमतरता, थायरॉइडची मंदता, नैराश्य, निद्रानाश, बहिरेपणा, तसेच झोपेच्या व ॲलर्जीच्या काही गोळ्या. काही तासांत वा दिवसांत उद्भवलेला बुद्धिभ्रम असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

२) चरकसंहितेत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. पैकी यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. उच्च रक्तदाबाच्या, विशेषतः मूत्रल औषधे घेणाऱ्या वृद्धांत ते टाळणेच श्रेयस्कर.

३) बाजारात 'ब्राह्मी' या एकाच नावाने बॅकोपा व सेंटेला या दोन भिन्न वनस्पती मिळतात, सेंटेला ही मंडूकपर्णी होय. शंखपुष्पीच्या नावानेही एकाहून अधिक वनस्पती विकल्या जातात. औषधालय चालकांनी खरेदी करतानाच शास्त्रीय नावाची खातरजमा करावी.

४) डोनेपेझिल घेणाऱ्या रुग्णाचे ते औषध परस्पर बंद करू नये. त्याने नाडी मंदावू शकते. म्हणून प्रत्येक भेटीत नाडीची गती मोजून नोंदवावी व आपण दिलेली औषधे संबंधित डॉक्टरांना कळवावीत.

५) व्यायाम, आहार, बौद्धिक व्यापार आणि रक्तदाबादी धोक्यांचे नियंत्रण यांचा एकत्रित उपयोग फिनलंडमधील १२६० व्यक्तींच्या दोन वर्षांच्या चाचणीत दिसला (२०१५). त्या व्यक्ती धोका असलेल्या होत्या, अल्झायमरचे रुग्ण नव्हत्या. आपल्या दिनचर्येच्या उपदेशाचे खरे क्षेत्र हेच आहे.

सारांश, रसायन अवश्य द्यावे; ते निदानानंतर, द्रव्याची ओळख पटवून आणि पूरक म्हणून द्यावे. "स्मृती परत येईल" असे वचन मात्र रुग्णाच्या नातेवाइकांना चिकित्सालयातून देऊ नये आणि औषधाच्या वेष्टनावरूनही देऊ नये.