ड्रायक्लीनिंगच्या दुकानातील कॅसेटी

व्हिडिओ लायब्ररीचा धंदा आपल्या डोळ्यांदेखत आला आणि डोळ्यांदेखत गेला. डिपॉझिट ठेवायचे, वहीत नाव लिहायचे, कॅसेट द्यायची, आणि गिऱ्हाईक ओळखीचे असेल तर रात्रीपुरता व्हीसीआरही भाड्याने द्यायचा, असा तो व्यवहार होता. आमच्या वाचकांपैकी काहींनी तो स्वतः केला असेल. पुढे केबल आली, सीडी आली, आणि त्याच गाळ्यांत मोबाइलची दुकाने बसली. त्या कॅसेटींचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. आज आम्ही ज्या दुकानाचा इतिहास पाहणार आहोत, तेथे हाच प्रश्न सर्वांत अवघड ठरला.

दुकान न्यूयॉर्कमधले, नाव ‘किम्स व्हिडिओ’. मालक योंगमन किम हे कोरियातून अमेरिकेत गेलेले गृहस्थ. शहराच्या ईस्ट व्हिलेज भागात त्यांचे ड्रायक्लीनिंगचे दुकान होते. विद्यार्थी, चित्रकार, वाजंत्री, बाहेरून आलेले लोक अशी तेथील वस्ती. किम यांना सिनेमाचा नाद होता. त्यांनी ड्रायक्लीनिंगच्या दुकानातच काही कॅसेटी भाड्याने द्यायला ठेवल्या. कपड्यांचे गिऱ्हाईक ठरलेलेच होते, त्यामुळे नव्या धंद्यासाठी वेगळे गाळाभाडे नाही की वेगळा नोकर नाही. कॅसेटींना मागणी आहे हे दिसले, तेव्हा १९८७ च्या सुमारास त्यांनी हा व्यवसाय स्वतंत्रपणे सुरू केला. चालू दुकानाच्या आधाराने नवा माल अजमावण्याची ही रीत आपल्याकडील किराणा आणि कापड दुकानदारांना नवी नाही.

हा धंदा मुळात उभा कसा राहिला, ते येथे सांगितले पाहिजे. १९७७ साली अमेरिकेतील एका कंपनीने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून ५० चित्रपटांचे हक्क घेऊन त्यांच्या कॅसेटी विकायला काढल्या. एका कॅसेटची किंमत सुमारे ५० डॉलर, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधील जॉर्ज ॲटकिन्सन नावाच्या दुकानदाराने त्या कॅसेटी विकत घेतल्या, वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि त्या भाड्याने देणे सुरू केले. वर्षाची वर्गणी ५० डॉलर, शिवाय दिवसाचे भाडे १० डॉलर. चित्रपट कंपन्यांना हे रुचले नाही. परंतु अमेरिकेच्या कायद्यात एक तत्त्व आहे: वस्तूची प्रत एकदा रीतसर विकली, की घेणाऱ्याने ती दुसऱ्याला विकावी किंवा भाड्याने द्यावी, मूळ मालकाला अडवता येत नाही. किम यांच्यासारखे हजारो छोटे दुकानदार याच तत्त्वावर उभे राहिले.

आपल्याकडे मात्र तसे नाही, आणि कॅसेट-सीडीच्या व्यवहारात कितीकांनी याच ठिकाणी ठोकर खाल्ली आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाची प्रत भाड्याने देण्याचा हक्क हक्कधारकाकडे राहतो, प्रत एकदा विकली गेली तरीही. परदेशातून अस्सल डीव्हीडी विकत आणून येथे भाड्याने देणाऱ्या एका व्यावसायिकाविरुद्ध २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला, तो याच मुद्द्यावर. माल अस्सल आहे, पावतीही आहे, तरी व्यवहार बेकायदा, हे कित्येक दुकानदारांना ठाऊकच नव्हते.

आता किम यांच्या मालाकडे वळू. त्या काळी अमेरिकेत नव्या चित्रपटाची कॅसेट दुकानदाराला साधारण ६०-७० डॉलरला पडे आणि भाडे मिळे दोन-तीन डॉलर. म्हणजे एक कॅसेट वीस-तीस वेळा बाहेर जाऊन आली, तेव्हा कुठे मुद्दल वसूल. चालू चित्रपटाच्या बाबतीत हे शक्य होते. परंतु १९८५ मध्ये निघालेल्या ‘ब्लॉकबस्टर’ या साखळीची दुकाने झपाट्याने देशभर पसरली, आणि एकाच नव्या चित्रपटाच्या ढीगभर प्रती ठेवणे तिलाच परवडे. १९९८ पासून तर तिने चित्रपट कंपन्यांशी भागीदारीचा करार केला: प्रत नाममात्र किमतीत घ्यायची आणि भाड्यातील वाटा कंपनीला द्यायचा. छोट्या दुकानदाराला ही सवलत नव्हती. भावात तो टिकणे शक्यच नव्हते.

किम यांनी त्या वाटेने जाण्याचा प्रयत्नच केला नाही. ब्लॉकबस्टरच्या दुकानात जे मिळणार नाही, ते त्यांनी जमवले. परदेशी चित्रपट, जुने मूकपट, विद्यार्थ्यांचे प्रयोग, कोणी नाव न ऐकलेल्या दिग्दर्शकांची कामे. मांडणीही निराळी, देशानुसार आणि दिग्दर्शकानुसार. एखादी कॅसेट वर्षातून दोनदाच बाहेर जाई. पण ती हवी असलेल्या माणसाला शहरात दुसरे दार नव्हते, आणि तेथे आलेला माणूस आणखी दोन कॅसेटी घेऊन जाई. काउंटरवरची मुले तुसडी म्हणून प्रसिद्ध होती, मात्र सिनेमाचे त्यांचे ज्ञान दांडगे. ॲलेक्स रॉस पेरी हे पुढे दिग्दर्शक झालेले गृहस्थ त्यांतलेच. सेंट मार्क्स प्लेसवरील ‘मोंडो किम्स’ हे मोठे दुकान आणि शहरातील इतर शाखा याच मालावर चालल्या.

एक बाजू मात्र झाकून ठेवता येत नाही. दुर्मीळ माल जमवताना परवानगीविना काढलेल्या प्रतीही या दुकानात आल्या होत्या. २००५ मध्ये मोंडो किम्सवर पोलिसांची धाड पडली. गिऱ्हाइकाची आवड भागवली, हे सांगून अशा मालाचे समर्थन होत नाही.

इंटरनेट आणि टपालाने येणाऱ्या डीव्हीडींनी २००८ पर्यंत सगळ्याच भाड्याच्या दुकानांचे गिऱ्हाईक तोडले. किम यांच्याकडे तेव्हा सुमारे ५५,००० चित्रपटांचा साठा होता. सुटा सुटा विकला असता तर बरे पैसे आले असते. त्यांनी तो फुकट देऊ केला, अटी घालून: संग्रह फोडायचा नाही, त्यात भर घालत राहायचे, आणि आपल्या जुन्या सभासदांना तो खुला ठेवायचा. इतका मोठा साठा सांभाळायला न्यूयॉर्कमध्ये घेणारा मिळेना. अखेर इटलीतील सिसिली बेटावरील सलेमी या लहानशा गावाचा प्रस्ताव त्यांनी स्वीकारला. १९६८ च्या भूकंपाने हे गाव पडले होते आणि पडकी घरे एका युरोत देऊन ते पुन्हा वसवण्याची तेथील महापौरांची योजना गाजत होती. संग्रहासाठी केंद्र उभे राहील, चित्रपट संगणकावर उतरवले जातील, सभासदांना तेथे येऊन राहता येईल, अशी आश्वासने मिळाली. २००९ मध्ये मोंडो किम्स बंद झाले आणि माल जहाजाने गेला.

पुढे काही झाले नाही. केंद्र उभे राहिले नाही, कॅसेटी एका इमारतीत कुलूपबंद पडून राहिल्या, काहींना ओल लागली. २०१२ मध्ये महापौर पायउतार झाले आणि सरकारने नगरपालिकाच बरखास्त केली. ज्यांनी शब्द दिला, ते जागेवर नव्हते.

आमच्या मते येथे किम यांच्या नियतीत खोट नव्हती, चूक व्यवहारात झाली. वीस वर्षे एकेक कॅसेट पारखून घेणाऱ्या माणसाने सगळा माल एका कारकिर्दीच्या भरवशावर समुद्रापार पाठवला. खोलीची किल्ली कोणाकडे, दिवाबत्तीचा खर्च कोण करणार, माणूस बदलला तर जबाबदार कोण, अटी मोडल्या तर माल परत आणण्याचे भाडे कोण देणार, हे प्रश्न दान देतानाही विचारावे लागतात. फुकट दिलेल्या वस्तूचा हिशेब मागायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. वक्फाच्या जागा आणि जुनी ग्रंथालये यांचा अनुभव असलेल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

पुढे डेव्हिड रेडमन आणि ॲशली सॅबिन या माहितीपटकारांनी सलेमीला जाऊन पाठपुरावा केला. त्यांच्या खटपटीमुळे संग्रहाचा मोठा भाग परतला आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका चित्रपटगृहात ‘किम्स व्हिडिओ’ पुन्हा उघडले. तेथे कॅसेटी विनामूल्य देण्याची सोय झाली.

याच सुमारास सुरू झालेले दुसरे एक दुकान सिॲटल शहरात आहे, ‘स्केअरक्रो व्हिडिओ’, स्थापना १९८८. तेथील साठा एक लाखाहून अधिक. धंदा बसू लागला तेव्हा मालकांनी २०१४ मध्ये तो सारा साठा एका ना-नफा संस्थेच्या नावे केला. गिऱ्हाइकांनी वर्गणी काढून एक लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. गाव तेच राहिले, जागा तीच आणि माल ओळखणारी माणसेही पुष्कळशी तीच राहिली. कॅसेटी तेथून आजही भाड्याने मिळतात. फार दुर्मीळ असेल तर डिपॉझिट ठेवावे लागते.