मालकी सरकारची, कारभार कंपनीचा : भिवंडीच्या विजेचा धडा

पुणे-सातारा रस्त्यावर किकवी येथे आमचे कापडाचे दुकान आहे. अस्तर, साधे शर्टिंग असा बराच माल भिवंडीहून येतो. वीस वर्षांपूर्वी ईदच्या तोंडावर मागणी नोंदवली की कारखानदाराचे एकच उत्तर असे, "भाई, लाईटच नाही, तर ताके कुठून देऊ?" माग बंद, पीसरेटवरचा कारागीर रिकामा बसलेला, आणि आमचे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात. विजेचा प्रश्न हा कापडवाल्याचाच प्रश्न आहे, हे आम्हाला तेव्हा उमगले. तो कसा सुटला, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे.

रोग काय होता?

२००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले आणि घरोघर वीज पोचविण्याचे काम महावितरण या सरकारी कंपनीकडे आले. त्या काळात भिवंडीत पाठविलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे परत येत नसत. काही वीज जुन्या तारांत वाया जाई, काही आकडे टाकून चोरली जाई, काहींचे बिल थकत असे. जेथे गळती जास्त तेथे भारनियमन जास्त, असा नियम होता. म्हणजे चोरी एकाने करायची आणि अंधारात प्रामाणिक बिल भरणाऱ्यानेही बसायचे!

इलाज काय केला?

२००३ च्या वीज कायद्याने फ्रँचायझी नेमण्याची सोय केली होती. तिचा आधार घेऊन महावितरणने निविदा काढली व २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीचा कारभार अहमदाबादच्या टोरंट पॉवर कंपनीकडे दिला. देशातील हा अशा प्रकारचा पहिला मोठा प्रयोग. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ही विक्री नव्हे. तारा, खांब, उपकेंद्रे यांची मालकी महावितरणचीच राहिली, ग्राहकही तिचेच राहिले. विजेचा दर कंपनी ठरवीत नाही, तो राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. कंपनीने महावितरणकडून ठरलेल्या भावाने घाऊक वीज घ्यायची, लोकांना पुरवायची आणि वसुली करायची.

हिशोब समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. कंपनीने ३ रुपये भावाने १०० युनिट घेतले, ३०० रुपये झाले. ग्राहकाचा दर ५ रुपये. केवळ ४२ युनिटांचे पैसे आले तर २१० रुपये जमा, म्हणजे ९० रुपयांचा तोटा. ८० युनिटांचे आले तर ४०० रुपये जमा, म्हणजे खर्चापूर्वी १०० रुपये हाती. गळतीचा प्रत्येक रुपया ज्याच्या खिशातून जातो, तो गळती बंद करण्यासाठी रात्रीही जागतो. पगारी माणसाला ती निकड नसते. सारे मर्म येथेच आहे.

परिणाम काय झाला?

कंपनीने स्वतःचे भांडवल घालून मीटर, ट्रान्सफॉर्मर व केबल बदलल्या. पूर्वी वर्षाला शंभरातले सुमारे चाळीस ट्रान्सफॉर्मर जळत, ते प्रमाण दोन-तीनावर आले. गळती पहिल्या चार-पाच वर्षांत वीस टक्क्यांच्या आसपास उतरली. गळती घटली तसे भारनियमनही घटले. २०१७ मध्ये कराराची मुदत आणखी दहा वर्षांनी वाढविण्यात आली. १ मार्च २०२० पासून शीळ-मुंब्रा-कळवा भाग याच कंपनीकडे, तर मालेगाव कोलकात्याच्या सीईएससी समूहाकडे गेले.

दुसरी बाजूही पाहावी

भिवंडीत सर्वांनीच शाबासकी दिली असे नाही. मीटर वेगाने फिरतात, बिले फुगतात, वसुलीत दया नाही, अशा तक्रारी झाल्या, मोर्चेही निघाले. शिवाय 'खासगी' हा शब्द काही जादूचा मंत्र नव्हे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहर २०११ मध्ये जीटीएल या कंपनीला दिले होते. तिचा मुख्य धंदा दूरसंचार क्षेत्रातला. महावितरणची थकबाकी वाढत गेली आणि २०१४ मध्ये करार मोडावा लागला. जळगावचा कारभार २०१५ मध्ये आणि नागपूरचा २०१९ मध्ये महावितरणकडे परत आला. भिवंडी घेणाऱ्या कंपनीला मात्र अहमदाबाद व सुरत येथे वीज पुरविण्याचा अनुभव होता, आणि सुरत हेही यंत्रमागांचेच शहर.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट : काम सोपवताना माणसाची ऐपत आणि त्या कामाचा अनुभव, दोन्ही पाहावे. केवळ बोली मोठी म्हणून दुकान कोणाच्या हाती देऊ नये.

दुसरी : मोजमाप चोख हवे. मीटरशिवाय वीज आणि गजाशिवाय कापड, दोन्हींत बरकत नाही.

तिसरी : नफा-तोट्यात वाटा दिला की काम करणारा जागा राहतो. गुमास्त्यालाही हाच नियम लागू आहे.

चौथी : ग्राहक म्हणून गप्प बसू नये. बिले व पावत्या जपून ठेवाव्यात. बिलाबद्दल शंका असेल तर मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज करावा. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. कारभार कंपनीकडे गेला तरी हा हक्क जात नाही.

आणि शेवटची : आकडा टाकून चालविलेला माग शेजाऱ्याच्या पैशावर चालतो. त्याचे बिल आपल्याच दुसऱ्या कारागीर भावाच्या अंधारातून वसूल होते. सरकार असो वा कंपनी, हा हिशोब बदलत नाही.