लास्कोची चित्रगुहा

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत व्हेझेर नदीच्या कांठीं माँतिन्याक नांवाचें एक लहानसें गांव आहे. त्याजवळच्या टेकडीवर सन १९४० च्या सप्टेंबरांत मार्सेल राविदा या अठरा वर्षांच्या तरुणास एक खोल बीळ आढळलें. ता. १२ रोजीं तो तीन लहान सोबत्यांसह त्यांत उतरला, आणि घरीं केलेल्या दिव्याच्या उजेडांत त्यांस भिंतींवर घोडे, हरणें व रानबैल धांवतांना दिसले! हें गुपित त्यांनीं लेओं लावाल या शिक्षकांस सांगितलें. भिंतींस कोणासहि हात लावूं देऊं नका, अशी ताकीद गुरुजींनीं दिली. मग राविदा व झाक मार्साल हे दोघे गुहेच्या तोंडाशीं तंबू ठोकून पहारा करूं लागले. त्याच महिन्यांत प्राचीन चित्रांचे मोठे अभ्यासक, धर्मगुरु आंरी ब्रय, यांनीं येऊन चित्रें अस्सल असल्याचा निर्वाळा दिला.

तीं सुमारें १७,००० वर्षांपूर्वींचीं आहेत. तांबडा व पिवळा रंग गेरूसारख्या मातीचा, काळा बहुतेक मँगॅनीजच्या खनिजाचा. दगडी दिव्यांत चरबी जाळून तिच्या अंधुक प्रकाशांत हें काम झालें. विद्यार्थिमित्रांनो, बैलाकडे नीट पाहा. धड बाजूनें काढलेलें आहे, पण शिंगें समोरून पाहिल्याप्रमाणें दोन्ही दिसतात. हें अज्ञान नव्हे. डोळ्यांस एका वेळीं जें दिसत नाहीं, तेंहि चित्रकारास सांगावयाचें होतें, असें आम्हांस वाटतें. आणखी एक नवल! गुहेंत सांपडलेलीं हाडें बहुतेक रेनडियर जातीच्या हरणांचीं आहेत. चित्रांत मात्र तें हरीण जवळजवळ कोठेंच नाहीं. तेव्हां शिकार मिळावी एवढ्यासाठींच हीं चित्रें काढलीं, हा समज टिकत नाहीं.

१९४८ सालीं गुहा लोकांस खुली झाली. दिवसास हजारावर माणसें येऊं लागलीं, आणि तेथेंच घात झाला. त्यांच्या श्वासांतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड वायु, शिवाय विजेच्या दिव्यांचा प्रकाश, यांमुळें भिंतींवर हिरवें शेवाळ धरलें व चुन्याचे पांढरे पापुद्रे जमूं लागले. अखेर १९६३ सालीं फ्रेंच सरकारनें दार बंद केलें. आतां प्रवाशांस दाखवितात ती प्रतिकृति: १९८३ सालीं दोन दालनांची झाली, व २०१६ सालीं जवळजवळ संपूर्ण गुहेची. नक्कल पाहावयास इतक्या दूर कशास जावें, असें कोणी विचारील. परंतु सर्वांत मोठा बैल सुमारें १७ फूट लांब आहे, आणि तो डोक्यावर आल्याखेरीज ही लांबी कळत नाहीं. पुस्तकाच्या पानावर तो बोटाएवढाच राहतो.

मार्सालानें पुढें अनेक वर्षें प्रवाशांस गुहा दाखविली. दार बंद झाल्यावरहि तो तेथेंच राहिला, आणि १९८९ सालीं मृत्यु येईपर्यंत तिची राखण करीत होता.