पाचोळ्याखालचा वर्ग

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, १ ते ७ जुलैच्या वनमहोत्सवात आपण मुलांना विचारतो, 'किती झाडं लावली?' 'किती प्रकारची लावली?' हे विचारायचं राहूनच जातं. जंगलातल्या जमिनीचं जगणं मात्र याच प्रश्नावर अवलंबून असतं.

देवराईत ऐन, जांभूळ, हिरडा, उंबर, पांगारा शेजारी शेजारी वाढतात. पांगाऱ्याचं मऊ पान लवकर कुजतं, ऐनाचं जाडसर पान सावकाश. उंबराची फळं वर्षातून अनेकदा गळतात. म्हणजे खाली कायम काहीतरी नवं खायला असतं. बुरशी, वाळवी, गांडूळ, वाणी हे त्याची माती करतात आणि त्यांच्यावर गोम, कोळी, बेडूक जगतात.

आता कोकणातली ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड बघा. तिचं 'पान' म्हणजे खरं तर चपटा झालेला देठ! तो चिवट असतो, लवकर कुजत नाही. खाली एकाच प्रकारचा जाड थर साचतो. वरून सगळं हिरवंगार, पण खाली खाणारे मोजकेच.

परिसर अभ्यासासाठी कृती : एकाच जातीच्या झाडांखाली आणि मिश्र झाडांखाली हातभर लांबी-रुंदीचा चौकोन आखा. मोठ्यांनी काठीने पाला बाजूला करावा, मुलांनी हात घालू नये. विंचू असू शकतो. पानांचे प्रकार आणि दिसलेले जीव तक्त्यात लिहा. पाला परत पसरून ठेवा.

यंदा दहा रोपं लावणार असाल, तर ती दहा स्थानिक जातींची लावा. आणि हो, खालचा पाचोळा जाळू नका!